दामूअण्णांच्या दोन होड्या

आमच्या मुरबाडकडे होडीची गरज कुणालाच नाही. होळी जवळ आली की नदीत पाणी शोधत हिंडावं लागतं, आणि आषाढात ते असं येतं की होडीच शोधत हिंडावी लागेल. अशा गावात राहून दामूअण्णा चार वर्षं एकाच प्रश्नाने बेजार होते. धाकटी होडी घ्यावी की थोरली?

हे मी लढाईच्या आधीचं सांगतोय. मी तिथे शाळामास्तर होतो आणि अण्णांच्या शेजारची खोली माझ्या नशिबी आली होती. अण्णा लाकडाच्या वखारीत मापारी. वैशाखऱ्याकडून, डोळखांबाकडून ओंडक्यांच्या गाड्या आल्या की कोपरापासून बोटांपर्यंत हात टेकवत ते मोजत जायचे. वखारीत मोजपट्टी होती, पण ती खुंटीला टांगलेली. "माप म्हंजे माप," ते म्हणायचे. "पट्टी झिजते, हात नाय झिजत." माणूस बुटका, पण मोजायला वाकला की वखारीचा मालकसुद्धा बोलणं थांबवायचा.

तरुणपणी एकदा ते लाकडाबरोबर कल्याणच्या खाडीतून वसईपर्यंत मचव्यात बसून गेले होते. शिडात वारा भरला आणि अण्णा कामातून गेले. पुढे कुठूनसं त्यांना कळलं की वसईचे एक वकील आपल्या सहलीच्या दोन शिडाच्या होड्यांपैकी एक विकणार आहेत. धाकटी सोळा हात, झोपायला दोघांना जागा. थोरली सव्वीस हात, सहा जणांना जागा. चूल दोन्हींत. वखारीचं काम सुटलं की किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचं, असा बेत. बायकोला, राधाकाकूंना, कुणी विचारलंच नव्हतं. त्या म्हणायच्या, चूल हाय ना, मंग हितं काय नि तितं काय.

पत्रं लिहायला अर्थात मी. दर पंधरवड्याला एक नवा प्रश्न. धाकटीत चुलीचा धूर कुठे जातो? थोरलीला वल्ही किती? घ्यायची एक, झोपायची दोन माणसं, मग धाकटी घ्या आणि मला मोकळं करा, असं मी शंभरदा सांगितलं असेल. अण्णा मान हलवायचे आणि पुढचं पत्र थोरलीबद्दल लिहायला लावायचे. वकील सज्जन होते म्हणून बरं. चौथ्या वर्षी मात्र त्यांचीही सहनशक्ती संपली. होळीपर्यंत उत्तर टपालात टाका, नाहीतर होडी दुसऱ्याला देतो, असं पत्र आलं.

अण्णा म्हणाले, आता कागदावर भागायचं नाही. झोडणी उरकून खळं रिकामं पडलं होतं. ते शेणाने सारवून त्यांनी चुन्याने धाकटी होडी काढली, खरीखुरी सोळा हात. काकूंना आत झोपवून पाहिलं. सगळी आळी येऊन बसून गेली. मग ती पुसून थोरली काढायला घेतली आणि अठरा हातांवर होडी थांबली. पुढे दगडांची रांग होती, आणि रांगेपलीकडचं अर्धं खळं धाकट्या भावाचं, सखारामचं.

या दोघांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. वाटणीच्या वेळी छत्तीस हात खळं अण्णांनी स्वतः मोजून अठरा-अठरा केलं. सखाराम ताडमाड. त्याने आपला भाग आपल्या हाताने मोजला, तर भरले सोळा. मापाऱ्याने सख्ख्या भावाला दोन हातांनी बुडवलं, असं तो चारचौघांत म्हणाला. अण्णांच्या मापाला जन्मात कुणी नाव ठेवलं नव्हतं. ते जे गप्प झाले ते झालेच. अरे, दादाचा भागही तुझ्याच हाताने मोज, तोही सोळाच भरेल, हे मी सखारामला समजावलं होतं. पण त्या रांगेपलीकडे पाय टाकायला तो तयार नव्हता.

तर थोरली होडी मागच्या टोकावाचून पडून राहिली. अण्णांनी ती तिरकी काढून पाहिली, तर शेंडा गोठ्यात शिरला. देवळापुढे मोप जागा आहे, असं मी सुचवलं. "तितं नको," एवढंच म्हणाले. मला रागच आला. दोन माणसांना सव्वीस हात कशाला, ही माझी जुनी तक्रार मी पुन्हा उगाळली.

होळीच्या दिवशी सकाळी सगळे त्या अर्ध्या होडीभोवती जमले. सखाराम आपल्या बाजूला पेंढ्याच्या उडवीला टेकून उभा होता, आपला काही संबंध नाही अशा थाटात. कुणीतरी हसत विचारलं, मागच्या चार जागांत कोण झोपणार, उंदीर?

अण्णा चुन्याची टोपली घेऊन रांगेपाशी उभे होते. दगडांकडे बघत म्हणाले, "त्या सकारामच्या. त्याच्या घरात मानसं चार."

 चार वर्षं मी या माणसाची पत्रं लिहिली आणि मला एवढं कळलं नाही, याची मला तेव्हा फार लाज वाटली.

सखाराम उडवीपासून हलला. मग पुढे आला, वाकला आणि मधला एक दगड उचलून बाजूला ठेवला. अण्णांनी टोपली पलीकडे दिली.

"आठ हात ऱ्हायलंत," ते म्हणाले. "तू मोज. तुज्या हातानं."

सखाराम गुडघ्यांवर बसून मोजत गेला. चुन्याची रेघ वाकडी, आणि होडी चांगली हातभर लांब झाली. टोक उडवीत घुसलं. अण्णा ते बघत होते. मला वाटलं, आता पुसायला लावणार. त्यांनी नाही लावलं. डोळे पुसले आणि चुना गेला म्हणाले.

दुपारी ते माझ्या खोलीत आले, सखारामला मागे घेऊन. त्याला दारात वाकावं लागलं. मी दौत पुढे ओढली. अण्णांनी सांगितलं ते मी मुकाट्याने लिहिलं.

"थोरली पाहिजे. मागच्या जागा किती लांब आहेत ते कळवावे. माझा भाऊ उंच आहे."