एका यादीचे एकोणीस डबे

ताई दातांची डॉक्टर होती आणि तिची मागणी साधी होती. एका वेळेला दोन पेशंट येऊ नयेत.

"एकदा दिलेली वेळ परत दुसऱ्या कुणाला देता येऊ नये, एवढंच करून दे," ती धाकट्या भावाला म्हणाली.

भाऊ एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटर इंजिनियर होता. त्याने यादीचा प्रोग्रॅम रविवारी सकाळी, चहा निवायच्या आत लिहून टाकला. पण प्रोग्रॅम नुसता चालवणे त्याच्या व्यवसायात असभ्य मानले जाते. आधी तो कंटेनरमध्ये, म्हणजे सगळ्या सामानसुमानासह एका बंद डब्यात भरावा लागतो. मग अशा डब्यांवर देखरेख करणारी व्यवस्था बसवावी लागते. ही व्यवस्था हजारो डब्यांसाठी बनवलेली असते. भावाकडे डबा एकच होता. त्याने ती घरच्या कॉम्प्युटरवर बसवली.

त्याच कॉम्प्युटरवर त्याच्या बायकोला शुक्रवारपर्यंत त्रेसष्ट मुलांचे गुण भरायचे होते. ती शिक्षिका होती.

"एका डब्यावर मुकादम कशाला?" तिने विचारले.

"डबा बंद पडला तर?"

"तर परत चालू करायचा."

हा उपाय तांत्रिकदृष्ट्या बाळबोध असल्याने भावाने तो विचारात घेतला नाही. 'सदर डब्याच्या तीन प्रती सदैव कार्यरत राहतील' असा नियम त्याने व्यवस्थेला लिहून दिला.

सोमवारी दहा वाजता ताईच्या दवाखान्यात तीन पेशंट आले. तिघांकडेही दहाचीच वेळ होती. तीन प्रतींनी तीन स्वतंत्र याद्या ठेवल्या होत्या.

"एकाही प्रतीने एक वेळ दोघांना दिलेली नाही, ताई," भावाने फोनवर निदर्शनास आणून दिले.

"माझ्याकडे तीन सुजलेले गाल आहेत आणि खुर्ची एक आहे," ताई म्हणाली.

भाऊ मनातून खजील झाला आणि जोमाने कामाला लागला. तिन्ही याद्यांचा मेळ घालायला त्याने एक डबा वाढवला. त्याच्या राखणीला दुसरा, राखणदाराची हजेरी घ्यायला तिसरा, आणि हे सगळे दाखवणारा फलक चालवायला आणखी चार. अशी भर पडत पडत बुधवारी संध्याकाळी डबे एकोणीस झाले. कॉम्प्युटरचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता. बायकोने एका मुलाचे नाव टाइप केले आणि ते पडद्यावर उमटेपर्यंत भाजी चिरून घेतली.

"मी दोन डबे बंद केले, ते परत आले," ती म्हणाली.

"येणारच. ती मंजूर पदं आहेत. एक गेला की दुसरा आपोआप रुजू होतो."

"आमच्या शाळेत दोन वर्षं गणिताला बाई नाहीत," बायको म्हणाली आणि कागदांचा गठ्ठा उचलून, शाळेतल्या मैत्रिणीकडून किल्ली घेऊन, शाळेच्या कॉम्प्युटरवर गुण भरायला गेली.

गुरुवारी ताईचा फोन आला. यादी उघडतच नव्हती. भावाने फलक पाहिला. कॉम्प्युटरमधली जागा संपल्यामुळे व्यवस्थेने सर्वांत कमी महत्त्वाचे डबे बाहेर काढले होते. ते यादीचे तीन डबे होते. त्यांच्यापुढे 'प्रतीक्षेत' असा शेरा होता. देखरेखीचे सोळाच्या सोळा डबे हजर होते आणि हिरवे होते.

"म्हणजे काम सोडून सगळं चालू आहे," ताई म्हणाली.

ताईने त्याला यापुढे फक्त दात दाखवायला यायला सांगितले.

कंपनीत मात्र घरच्या एका कॉम्प्युटरवर एकोणीस डबे बसवल्याची वार्ता पसरली. साहेबांनी त्याला सर्वांसमोर ते समजावून सांगायला लावले. यादीचा प्रश्न कुणी काढला नाही. महिन्याभरात त्याला बढती मिळाली आणि कंपनीची तक्रार निवारण सेवा त्याच्या ताब्यात आली.

परवा तुम्ही तिथेच फोन केला होता. तुमची तक्रार अत्यंत महत्त्वाची असल्याचे सांगून तुम्हाला चाळीस मिनिटे संगीत ऐकवण्यात आले. तेवढा वेळ त्याच्यासमोरचा फलक पूर्ण हिरवा होता. शेवटी सेवा कशी वाटली असे विचारल्यावर तुम्ही, एकदाची सुटका व्हावी म्हणून, पाचपैकी पाचचा आकडा दाबलात. त्याच्या आधारे पुढच्या महिन्यात डबे दुप्पट होणार आहेत.