तळ्यातलं घर

घड्याळजींच्या मोरीतला नळ गळत होता. जबाबदार नागरिक या नात्याने त्यांनी पाणीपुरवठा कार्यालयात रीतसर तक्रार केली. इथेच त्यांचं चुकलं.

कार्यालय नुकतंच अद्ययावत झालं होतं. उन्हातान्हात जाऊन पाहणी करण्याची जुनाट पद्धत बंद पडली होती. आता साहेबांच्या संगणकावर उपग्रहाने टिपलेली अख्खी पृथ्वी गरगर फिरत असे. साहेबांनी ती थांबवली, जवळ आणली, गल्ली शोधली.

"इथे घर नाही. तळं आहे."

घड्याळजींनी वाकून पाहिलं. "साहेब, ही आमची निळी ताडपत्री! छप्पर गळायचं तेव्हा टाकली होती. कौलं बदलल्यावर काढली."

"म्हणजे तळं बुजवलंत?" साहेबांचा आवाज करडा झाला. "गुन्हा आहे हा."

"अहो, एकदा बघा तरी! या खिडकीतूनसुद्धा दिसतं घर."

साहेबांनी खिडकीकडे पाठ केली. "खिडकीतून दिसतं ते एका माणसाचं मत. हे आकाशातून दिसलेलं आहे."

तक्रार मात्र नियमानुसार निकाली निघाली. तळ्याला नळाची गरज नसते, म्हणून पाणी तोडलं. पाण्यात वीज म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून वीजही तोडली. घड्याळजींच्या आईला दम लागला, तेव्हा रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशीच थांबली. चालकाने गाडीतल्या नकाशाचा पडदा दाखवून हात जोडले, "पुढे पाणी आहे. होडी मागवा." शेवटी घड्याळजींच्या मुलाने आणि सुनेने म्हातारीला खुर्चीसकट उचलून गाडीपर्यंत नेलं.

दुसऱ्या दिवशी सून तडक कार्यालयात गेली. "आम्ही तळ्यात राहतो, तर आम्ही कोण? मासे?"

"तसं असेल तर मत्स्य विभागात जा. इथे गर्दी नको."

एव्हाना समोरच्या इमारतीनेही पडद्यावर ते तळं पाहिलं होतं. गॅलरीतून तळं दिसायला हवं, तिथे कुणाचे तरी वाळत घातलेले लेंगे दिसतात, हा अन्याय त्यांना सोसवेना. सह्यांची मोहीम निघाली. "तुमच्यावर राग नाही हो," इमारतीतले निवृत्त मास्तर घड्याळजींच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पण निसर्गही जपायला हवा ना?"

चित्र आणि जमीन यांत तफावत ठेवणं कार्यालयाला शोभणारं नव्हतं. चित्र बदलणं त्यांच्या हातात नव्हतं, जमीन होती. खोदाईयंत्र आलं आणि घराच्या जागी, थेट ताडपत्रीच्या मापाचं, चौकोनी तळं करून गेलं. घड्याळजींचं बिऱ्हाड मेव्हण्याच्या गोदामात गेलं.

पुढे पृथ्वीचं नवं चित्र आलं. ते खोदकामाच्या आधी टिपलेलं होतं. घड्याळजी धापा टाकत कार्यालयात पोचले. "साहेब, बघा! कौलं! आणि हे अंगण!"

साहेबांनी चित्र जवळ आणून मन लावून पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला.

"आहे की घर! मग अडचण काय? जा, राहायला जा."

तुम्हालाही हसू आलं असेल. हरकत नाही. थोड्या वेळाने तुम्ही हळूच पृथ्वी उघडाल, फिरवाल, जवळ आणाल आणि आधी आपलं छप्पर शोधाल. ते जागेवर दिसलं की हायसं वाटेल. शेजारी काहीतरी निळं दिसेल, आणि तुम्ही घरात हाक माराल, "अगं, इकडे ये, आपल्याजवळ तळं आहे!"