जोडसायकलीवरचे सासरे

"बाबा एकटे सायकलवर नकोत," मुलीने फर्मान काढलं. मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तू तर एकटा अजिबात नकोस. दोघं मिळून एकाच सायकलवर बसा."

मुलगी नर्स होती. तिच्या वॉर्डात कॅन्सर झालेली लहान मुलं होती आणि या आजारावरच्या संशोधनासाठी सायकल-फेरी निघणार होती. नवऱ्याच्या विमा कंपनीने बाराच्या आत परतणाऱ्या प्रत्येक सायकलीमागे देणगी कबूल केली होती. बारानंतर येणाऱ्यांना नुसत्या टाळ्या.

"मुलांनी तुमच्या नंबराचा बिल्ला रंगवलाय," ती म्हणाली. "वेळेत नाही आलात, तर तसं त्यांना तुम्हीच येऊन सांगा."

म्हणून रविवारी सकाळी भाड्याच्या जोडसायकलीवर पुढे जावई बसला आणि मागे सासरे. सासरे म्हणजे निवृत्त ड्रायव्हिंग मास्तर.

"जावईबापू, आरसा बघा."

"सायकलला आरसा नाही, बाबा."

"मग मान कशाला दिलीय? वळवून बघा."

जावयाने मान वळवली. सायकलही वळली. फुटपाथवरचे एक आजोबा ऐनवेळी खांबामागे गेले म्हणून वाचले.

पुढे वेगळाच त्रास सुरू झाला. दर वळणावर, दर चौकात पेडल अडकायचं आणि सायकल गचकन थांबायची. जावयाने चेन तपासली. तेल घातलं. हवा भरली. तोवर सगळे स्पर्धक पुढे गेले, आणि बाबागाडी ढकलणारी एक बाई "येऊ का पुढे?" असं विचारून पुढे गेली.

"चढ असेल," सासरे म्हणाले.

"बाबा, हा उतार आहे."

"मग तर जपूनच."

अर्ध्या वाटेवरच्या पाण्याच्या टेबलापाशी पोचले, तेव्हा तिथले लोक टेबल मिटत होते. सासरे हातपाय धुवायला गेले. जावयाने एकट्यानेच सायकलवर एक चक्कर मारून पाहिली. सायकल वाऱ्यासारखी पळाली. तो विचारात पडून परत आला.

"बाबा, मागे बसून तुमचे पाय काय करतात?"

"पेडल मारतात."

"आणि समोर कुत्रं आलं की?"

सासरे आपल्या पायांकडे बघत राहिले. शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता, आणि उभा जन्म त्यांनी तो दाबण्यात घालवला होता. या सायकलचा ब्रेक पेडल उलटं दाबलं की लागायचा. कुत्रं आलं की ते दाबत होते, वळण आलं की दाबत होते, रस्त्यावर कागद उडाला तरी दाबत होते.

"आता नका दाबू."

"मी कुठे दाबतो? पायच दाबतात!"

जावयाने घड्याळ पाहिलं. त्याच्या डोळ्यांपुढे वॉर्डातली पोरं आली, त्यांच्यामागे कमरेवर हात ठेवलेली बायको आली. "बाबा, तुम्ही पुढे बसा."

"मी? पुढे?" सासऱ्यांचा आवाज बदलला. इतकी वर्षं चाक कायम शिकणाऱ्याच्या हातात असायचं. त्यांनी हँडल धरलं, घंटी दोनदा वाजवून बघितली आणि सायकल सुटली.

"बाबा, वळण!"

"दिसलं."

"बाबा, बस! बस!"

"तीही दिसली. आता तिला आपण दिसलो की नाही, ते तिचं तिने बघावं."

बाबागाडीवाली बाई मागे पडली. एकेक करत स्पर्धकही मागे पडू लागले. सासरे चक्क शीळ घालत होते. जावयाने डोळे मिटले, दात आवळले आणि देवाचं नाव घेतलं. शेवटच्या उतारावर सायकल आचके देत, कण्हत खाली आली आणि बाराला जेमतेम मिनिटभर असताना रेघ ओलांडून थांबली.

मुलगी धावत आली. "पोचलात! थांबा, आधी पोरांना फोन करते." मग घामाघूम, पांढऱ्याफटक नवऱ्याकडे पाहत तिने वडिलांना हळूच विचारलं, "बाबा, कसा आहे हो हा सायकलवर?"

सासऱ्यांनी रुमालाने कपाळ पुसलं.

"तसा होतकरू आहे," ते म्हणाले. "पण मागे बसून सारखा ब्रेक दाबतो."