मुकुंदवाडीच्या पाचपायी म्हशीची मोहीम

गजाननाचे स्मरण करून लिहिण्यात येते की, शहर छत्रपती संभाजीनगर, मौजे मुकुंदवाडी, तेथे स्टेशनालगत पत्र्याचे शेडीत राजश्री गोकुळराव मूर्तिकार आपले जिवलगांसह ठाणे देऊन होते. ज्याने त्याने आपली कला करावी, दुसऱ्याचे बिघडले तर त्याजपाशी बसावे, ऐसा तेथील शिरस्ता. परंतु गोकुळरावांचे तीर्थरूप आप्पासाहेब, कदीम शेतकरी, यांचे फर्मान आले होते की, प्रदर्शनी मातीची म्हैस उभी राहिली तर उत्तम, न राहिली तर कंपनीत चाकरी धरावी.

ऐसे असता शाडूचे पोते स्कूटरवर लादून येता क्रांती चौकात एका रिक्षाने हूल दिली, आणि खासे गोकुळराव पोत्यासुद्धा जमिनीवर आले, मग उजवा हात प्लॅस्टरबंद जाहला. प्रदर्शन दुसरे दिवशी आणि म्हशीचे केवळ पोट तयार. गोकुळराव हवालदिल होऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

तेव्हा शेडीतील जिवलग चिन्मयपंत चितारी, पद्मजाबाई विणकर आणि सोनियाबाई छायाचित्रकार, ज्यांनी उभ्या जन्मी माती मळली नव्हती, त्यांनी मसलत करून बाह्या सारल्या.

पद्मजाबाई बोलिल्या, "तू नुसतं सांग, हात आमचे."

मग गोकुळराव स्टुलावर आरूढ होऊन हुकूम सोडू लागले. मागील पाय बिनतक्रार फत्ते जाहले. पुढील डाव्या पायाचा हुकूम सुटताच चिन्मयपंतांनी समोरून पाहून आपले डावीकडे आणि पद्मजाबाईंनी मागून पाहून आपले डावीकडे पाय रोविला. मग उजव्याचा हुकूम सुटला, तो सोनियाबाईंनी जागा उरली नाही म्हणोन मधोमध बसविला. गोकुळराव शिंगांचे विचारात गर्क, त्यांस सुगावा नाही.

माती आवळल्यावर मोजदाद जाहली. सोनियाबाईंचा चेहरा उतरला आणि त्यांनी स्वहस्ते सुरी उचलली, परंतु गोकुळरावांनी तो पाय पाहिला, त्यावरील बोटांचे ठसे पाहिले आणि डाव्या हाताने सुरी काढून घेतली.

"कुणाचाच पाय काढायचा नाय," ऐसी आज्ञा जाहली. मग म्हैस गोधडीत लपेटून टेम्पोने छावणीतील प्रदर्शनाचे सभागृही दाखल केली.

दुसरे दिवशी आप्पासाहेबांची स्वारी आली आणि म्हशीभोवती फेरी घालून थबकली.

"ह्यो मधला कुणी लावला?"

"मी, काका. चुकून," सोनियाबाई हळूच बोलिल्या.

आप्पासाहेबांनी वाकून पाय चाचपला आणि गोकुळरावांचे प्लॅस्टरकडे पाहिले.

"हात मोडला तवा तुझ्यापाशी हीच पोरं व्हती?"

"व्हय, आप्पा."

आप्पासाहेबांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "कंपनीचं ऱ्हाऊ दे. असली माणसं तिथं मिळायची नायत."

येणेप्रमाणे फर्मान रद्द जाहले, मुकुंदवाडीचे ठाणे कायम राहिले, आणि पाचही पाय म्हशीकडे वंशपरंपरेने बहाल करण्यात आले.