काळं न पडलेलं पान

एका जंगलात, मुलांनो, पाणी प्यायला तळं एकच होतं, पण समित्या सात होत्या. त्यामुळे तळ्याचं पाणी नासलं तेव्हा सातही समित्यांना आपापलं काम मिळालं.

पाणी पिऊन पाडसं लोळागोळा होऊ लागली. तेव्हा यमुनाक्का नावाच्या कोळिणीने एक पान विणलं. इतकं पातळ, की त्याला वरची बाजू होती, खालची बाजू होती, मध्ये काहीच नव्हतं. तळ्यात सोडलं की ते विष ओढून घ्यायचं. पण हवापाणी लागताच घटकाभरात काळं पडून विरायचं.

यमुनाक्काने खटपट सोडली नाही. शेवटी तिने पान आवळ्याच्या रसात बुडवलं, आणि ते करवंटीतल्या पाण्यात महिनाभर टिकलं. ते तळ्यात सोडायची परवानगी मागायला ती तडक संरक्षण समितीकडे धावली, कारण शेवंता हरिणीच्या पाडसाने सकाळपासून डोळे उघडले नव्हते.

अध्यक्ष होते कूर्मराव कासव. जन्मभर पाठीवर ढाल घेऊन फिरल्यामुळे ते संरक्षणातले तज्ज्ञ मानले जात.

"आवळा?" कूर्मराव म्हणाले. "अहो बाई, तो माकडंही खातात."

"खाऊ देत की साहेब. पान टिकतंय ना?"

"त्यात शास्त्र कुठंय? पानाचे शत्रू दोन, हवा आणि पाणी. दोन्ही लागूच द्यायची नाहीत."

"मग ते तळ्यात कसं सोडायचं?"

"तो विषय वापर समितीचा," म्हणून कूर्मरावांनी मान आत घेतली.

मग पानावर मेण चढलं, मेणावर लाख, लाखेवर राळ. सगळं दगडी पेटीत बंद झालं आणि जंगलाच्या राजेसाहेबांनी पेटीला हार घातला. उघडं पान जंगलात फिरणं धोक्याचं, म्हणून नवं पान विणायला बंदी झाली. यमुनाक्काच्या जाळ्यापाशी गांधीलमाशीचा पहारा बसला.

तिसऱ्या दिवशी पाडस गेलं.

"अक्का, पान काळं पडलं होय?" शेवंताने विचारलं.

"नाही गं," यमुनाक्का म्हणाली. "ते अगदी ठणठणीत आहे."

वर्षाअखेरीस पेटी उघडली. पान नव्यासारखं होतं. कूर्मरावांचा सत्कार झाला, पण तो पाहायला सात समित्यांखेरीज कुणी नव्हतं. उरलेले प्राणी पाणी शोधत दुसऱ्या जंगलात गेले होते.

तात्पर्य: नाजूक वस्तूची खरी नासाडी वापराने होते. म्हणून, मुलांनो, जीव वाचवणारी वस्तू हाती लागली, की आधी तिला जिवांपासून वाचवा.