साळवीकाका उजवीकडून वाचतात

आमच्या शेजारचे साळवीकाका पेपर हातात आला की तो पालथा करतात आणि शेवटच्या पानापासून वाचायला घेतात. का, विचारलं तर म्हणतात, "हात बसवतोय."

काका मूळचे रत्नागिरीचे. हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात लेथ मशीन चालवतात. वय सत्तावन्न. दर शनिवारी संध्याकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून ते जपानी अ‍ॅनिमे बघायला बसतात. घंटा ओतणाऱ्या एका मुलीची जुनी चित्रकथा आहे, मांगा म्हणतात तिला. तिच्यावर आता नव्याने मालिका केलीय.

मला बोलावणं येतं, कारण पडद्याखालची इंग्रजी अक्षरं भराभर पळतात. "तू ग्रॅज्युएट ना? मग सांग काय म्हणतेय ती." मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. असं कोणी म्हटलं की मला नाही म्हणताच येत नाही.

काका मांडीवर पुस्तक उघडून एकेक चित्र पडद्याशी ताडून बघतात.

"थांबव! गालावरचा तीळ दोन सूत सरकलाय."

"चालतं हो काका."

"चालतं? आमच्याकडे दोन सूत सरकलं तर माल भंगारात."

समोरच्या खानचाची दारातून चिडवतात, "साळवीभाई, इस उमर में कार्टून?"

"कार्टून नहीं चाची, ओतकाम है!"

पण त्या मुलीची पहिली घंटा वाजली तेव्हा काकांनी चष्मा काढला. म्हणाले, "हे पुस्तकात ऐकायला येत नव्हतं गं."

हे वेड कुठून लागलं, याचं मला कुतूहल होतं. सगळी पुस्तकं जुन्या बाजारातली, प्रत्येकावर कुणा तिऱ्हाइताचं नाव. फक्त पहिल्या भागावर लिहिलेलं, शीतल साळवी. शीतल म्हणजे काकांची मुलगी, बंगळुरूला नोकरी करते. एकदा विचारलंच.

"दहावीला होती," काका म्हणाले. "बघतो तर पोरगी पुस्तक शेवटून उघडून बसलेली. म्हटलं, ही नुसती शेवट बघून मोकळी होते, अभ्यासातही हेच करत असणार. गठ्ठाच्या गठ्ठा रद्दीत दिला. ती रडून सांगत होती, बाबा, जपानी पुस्तकं उजवीकडूनच वाचतात. मला वाटलं, बनवतेय मला. हे एक गादीखाली होतं म्हणून वाचलं."

मग पुस्तकाचा कोपरा चेपत म्हणाले, "फोन आईला करते. मला आपलं, बरे आहात ना, एवढंच."

गेल्या शनिवारी शेवटचा भाग आला. मी रिमोट उचलला, तर काकांनी हात धरला. "लावू नको. शीतलला लिही. म्हणावं, शेवटचा भाग ठेवलाय. तू आलीस की बघू."

मी त्यांच्या फोनवरून लिहिलं. काकूंनी चहा आणला. काका फोनकडेच बघत होते, चहावर साय धरली.

मग उत्तर आलं. मी वाचून दाखवलं, "तुम्ही बघता हे? पुस्तक कुठल्या बाजूने वाचतात, माहितेय का?"

मी लिहायला लागले, तसा काकांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. ऑइलने काळ्या झालेल्या एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्यांनी स्वतः लिहिलं,

"उजवीकडून. तू सांगितलं होतंस."