आप्पा पाटीमागं जात नाहीत

यंदा टिळकवाडीत एका लग्नाला गेलो. दारात पाटी होती, 'जेवण मागील बाजूस', आणि खाली बाण. सगळे मागं गेले, आमचे आप्पा पाटीपाशीच उभे. म्हणाले, "पाटी म्हंजे जेवण न्हवं. कुणी 'चला' म्हणालं तर जाणार." मी जेवून, विडा चघळत परत आलो, तरी आप्पा तिथंच.

आप्पा निपाणीचे. वडगावच्या यंत्रमागवाल्यांना साडीची डिझाइन्स करून देणाऱ्या आमच्या छोट्या ऑफिसातले कॉम्प्युटर तेच सांभाळतात. फायली शोधणारी फाइंड ही कमांड त्यांच्याच स्वभावाची आहे, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या महिन्यात वडगावचे एक मामा आले. माग सकाळपासून बंद, मोराच्या काठाची फाइल हवी. मी ऐटीत 'वडगाव' फोल्डरवर फाइंड चालवली. काही नाही. "मामा, मोर उडाला," असं सांगूनही टाकलं. मामा मटकन बसले.

आप्पा मागून बघत होते. "अरं, वडगाव फोल्डर न्हवं, लिंक हाय. नुसती पाटी. खरा माल दुसऱ्या डिस्कवर. फाइंडला कुणी 'चल' म्हणालं व्हय?"

"म्हणायचं कसं?"

"डॅश, मोठा एल. मग तुझ्यासारखी जाती, थेट पंगतीत."

मोर सापडला. वाटेत एक लिंक फिरून पुन्हा त्याच फोल्डरात येत होती. तिथं 'हे चक्र आहे' असं बजावून फाइंड मागं वळली. मी असतो तर अजून फिरत असतो.

मामा गेले, पण माझ्या अंगातला शहाणपणा उतरेना. त्याच एलच्या जोरावर कुठंच न पोचणाऱ्या लिंका हुडकून मी त्या पुसत सुटलो. आप्पांच्या फोल्डरात एक निघाली, 'आक्काचे काठ'.

"ती ऱ्हाऊ दे."

"आप्पा, हिच्यामागं काय न्हाय."

"ठाव हाय."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. निपाणीत घरी बसून आमच्यासाठी काठ काढायची. लिंक तिच्या कॉम्प्युटरकडं जायची. गेल्या वर्षी ती वारली आणि भाच्यानं कॉम्प्युटर मोडीत घातला.

"पाटी म्हंजे जेवण न्हवं, तुम्हीच म्हणता की," मी अजून शहाणाच.

"व्हय." आप्पा पडद्याकडं बघत राहिले. "आक्का लग्नात हात धरून पंगतीला न्यायची रं. 'चल' म्हणणारी तेवढीच होती."

लिंक तशीच ठेवली. दुपारी डबा उघडताना मी म्हणालो, "आप्पा, चला."

लगेच उठले.